अधिकार आणि जागृती



अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा मतदार केवळ प्रतिनिधी निवडत नाही, तो कायदेही करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील राजकारणावर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची पकड होती. ती मोडण्यासाठी गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये नागरिकांना हा अधिकार मिळाला. गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीतील एकूण मतांच्या ५ टक्के इतक्या मतदारांनी स्वाक्षऱ्या केल्या की कायद्याचा आणि ८ टक्के मतदारांनी केल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. १९७८ मध्ये याच मार्गाने 'प्रस्ताव १३' संमत होऊन मालमत्ता कराला लगाम बसला.

परंतु धनशक्तीनेही हीच वाट धरली. स्वाक्षऱ्या गोळा करण्यासाठी माणसे मोलाने मिळतात. आपल्या चालकांना कर्मचाऱ्यांचा दर्जा द्यावा लागू नये म्हणून ऊबर, लिफ्ट आदी कंपन्यांनी २०२० मध्ये 'प्रस्ताव २२'वर जवळपास २० कोटी डॉलर ओतले आणि तो संमत करून घेतला.

प्रत्येक प्रस्तावाच्या दोन्ही बाजू मांडणारी पुस्तिका शासन मतदारांना घरपोच देते. ती वाचून मत देणारा नागरिक जाहिरातींना बधत नाही. अधिकार कायद्याने मिळतो. त्याचे रक्षण मात्र जागृत समाजालाच करावे लागते.