दाद मागायची कुठे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी शाळा सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या. लोक बंड का करतात, यावर बोल म्हणून मला सांगण्यात आले. त्यासाठी खानदेशाबाहेर जायला नको.

१८५२ साली इंग्रजांनी आपल्याकडे जमिनीची मोजणी काढली. सारा वाढणार या धास्तीने सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या बाजूचे शेतकरी जमावाने उठले. सरकारने फौज आणून त्यांना दडपले. ते शेतकरी आपलेच पूर्वज, म्हणून आपण त्यांना शूर म्हणतो. शहाद्याच्या भिल्लांची गोष्ट निघाली, की मात्र आपला सूर बदलतो.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. तिथली पुष्कळशी काळी जमीन मूळची आदिवासींची. कर्जाच्या कागदांवर अंगठे उठत गेले, जमिनी गेल्या, आणि मालक होते ते दुसऱ्याच्या शेतावर सालदार झाले.

माझ्या सासूबाईंचे माहेर त्याच बाजूचे. घरी चार सालदार. सालदाराची बायको दिवेलागणीला मागल्या दारी येई, दाणे मागे. आतून उत्तर जाई, "आधी मागले फिटू दे." मागले किती, ते वहीत लिहिलेले, पण ती वही तिला कुणी वाचून दाखवली नाही. सासूबाई हे सांगतात तेव्हा त्यांची नजर खाली असते.

आता, नुसत्या उपासाने कुणी बंड करीत नाही असे मला वाटते. उपास आपल्या बायकांना नवीन नाहीत! माणूस पेटतो तो दाद मागायला जागा उरली नाही म्हणजे. कागद करणारा मालकाच्या ओसरीवर चहा घेत बसलेला, आणि पिके राखायला बंदुकवाले राखणदार ठेवलेले. मग जायचे कुणाकडे?

२ मे १९७१ रोजी पाटीलवाडीला आदिवासींच्या जमावावर मालकांकडून गोळीबार झाला, त्यात माणूस दगावला. लुटायला आले होते असे मालक म्हणत, धान्य मागायला गेलो होतो असे आदिवासी म्हणत. अंबरसिंग सुरतवंती हे त्यांच्यातलेच शिकलेले कार्यकर्ते. त्यांनी लोकांना एकत्र केले. सर्वोदयाची मंडळी आली, शहरातले तरुण आले. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्तीची परिषद भरली आणि त्याच साली श्रमिक संघटना उभी राहिली. मोर्चे निघाले, संप झाले.

मला विशेष वाटते ते तिथल्या बायकांचे. मोर्चात त्या पुढे असत, घोषणा त्यांच्या मोठ्या. पुढे शिबिरात एकत्र बसल्यावर त्यांनी दारूचा विषय काढला. मजुरी वाढवून घ्यायची ती का गुत्त्यात ओतायला? गावोगाव जमून त्यांनी दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावली. मालकाशी भांडता भांडता त्यांना घरातला मालकही दिसला म्हणायचा. हे त्यांना कुणी शहरातून येऊन शिकवले असेल असे मला नाही वाटत.

आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ चा. तो काही सरकारला आपोआप सुचला नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया या मंडळाच्या सभासद नाहीत. सभा दुपारी तीनला, तेव्हा त्या आपल्याच मोरीत असतात. त्यांचे खाडे आणि उचल आपण कॅलेंडरवर लिहितो, आणि ते कॅलेंडर आपल्याच भिंतीवर असते. सभा रात्री आठला ठेवावी, वर्गणी निम्मी करावी आणि हिशेब महिन्याच्या महिन्याला त्यांना वाचून दाखवावा, अशी माझी सूचना आहे. चिटणीसबाईंनी ती आजच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी. कुणाला पटत नसेल तर इथेच बोलावे, बाहेर ओट्यावर नको.