खंजिरीवाला गीतकार


नाचणगाव-पुलगावच्या मंडळींना रामराम.

आज तुकडोजी महाराजांविषयी.
स्वतः रचणारा, स्वतः गाणारा
कलावंत म्हणून.

जन्म १९०९ चा,
अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा.
सुरुवातीची भजनं देवभक्तीची.

१९३६ मध्ये ते राहिले
आपल्याच जिल्ह्यात,
सेवाग्रामला, गांधीजींकडे.
भजनात देश आला.
१९४२ च्या लढ्यात तुरुंगवासही घडला.

पुढं गावच गाण्याचा विषय झाला.
सफाई, शेती, दारूबंदी!
दारूबंदीवर गाऊन गर्दी खेचणं
सोपं नाही बरं का.

विषय बदलले, खंजिरी तीच.
एका हातात कडं,
दुसऱ्या हाताची चामड्यावर थाप,
कडेच्या चकत्यांची छुमछुम.

हो, खंजिरी तीच.
१९५५ मध्ये ती जपानलाही गेली.

आता ऐकू या त्यांचं एक भजन.