पद्मिनी चढाला दम टाकते? टायमिंग फिरवण्याआधी हे ऐका

आजचा भाग जुन्या गाडीवाल्यांसाठी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. पण आपल्या परभणीकडे एखाद्या आखाड्यावर आजोबांची पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असेल, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर हे तुमच्यासाठी.

आधी टायमिंग म्हणजे काय ते बघू. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी प्लगला ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल जळायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात ते 18 अंश फिरतं! म्हणून थोडा फरकसुद्धा लगेच जाणवतो.

ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, इंजिन तापतं. लवकर पडली तर स्टार्टरला उलटा झटका बसतो आणि चढावर टक-टक आवाज येतो. हा आवाज अंगावर काढू नका. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की तो वाढतो, आणि शेवटी पिस्टन जातो. गाडीचं उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली; सुटे भाग शोधत फिरावं लागेल.

मग करायचं काय? बरेच जण थेट डिस्ट्रिब्यूटर फिरवतात. थांबा! आधी सीबी पॉइंट बघा. पॉइंटची टाच घासली की गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. फिलर गेज घ्या, गॅप पुस्तकात दिलाय तेवढा करा, साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर.

आता 12 व्होल्टचा बल्ब. एक वायर डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून टायमिंगची खूण जुळवा. चावी ऑन करा, डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवा. बल्ब ज्या क्षणी पेटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतो. तिथेच नट कसा. चावी जास्त वेळ ऑन ठेवू नका, कॉइल तापते. फायरिंगचा क्रम 1-3-4-2. वायरी अदलाबदल झाल्या नाहीत ना, तेही बघून घ्या.

एवढं करूनही गाडी उभ्यानं छान आणि रस्त्यावर मंद? मग झाकण काढून रोटर हातानं थोडा फिरवून सोडा. तो झटकन मागं यायला पाहिजे. नाही आला तर आतली वजनं गंजून अडकलीत. बरीच वर्षं उभ्या गाडीत हेच होतं. साफ करा, तेलाचा एक थेंब द्या.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. गंगाखेड रोडला चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत अॅक्सिलरेटर दाबा. टक-टक ऐकू आलं तर टायमिंग किंचित मागे घ्या. मोबाईलवरची गाणी तेवढी बंद ठेवा बरं का, कान इंजिनाकडे पाहिजेत!

तुमची गाडी कुठं अडलीय, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात कार्ब्युरेटर. भेटू!