डायलिसिसवरच्या रुग्णाची नाडी कोण बघतं?

(हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलडाणा इथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



दोस्तांनो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. माझे चाचा डायलिसिसवर आहेत, म्हणून हा विषय वाचत आणि डॉक्टरांना विचारत गेलो. हे तुमच्यासमोर बोलतोय, कारण रुग्णाला गाडीवर नेणारे आणि त्याची फाईल सांभाळणारे घरोघरी तुम्हीच असता.

विवेकानंद आश्रमामुळे हिवऱ्याला रुग्णसेवा नवी नाही. आपल्याच जिल्ह्यात खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, किडनीच्या आजाराचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय. पण डायलिसिस सुरू झालं की घरच्यांचं सगळं लक्ष किडनीकडे जातं आणि हृदय मागे पडतं.

हृदयाचे ठोके बिघडण्याचा एक प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत अडकली की लकवा. या आजारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो आणि डायलिसिसच्या रुग्णांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो.

मग रक्त पातळ करणारी गोळी द्यावी आणि मोकळं व्हावं? इथेच पेच आहे. डायलिसिसच्या रुग्णाला रक्तस्रावाचा धोकाही जास्त असतो, शिवाय मशीनवर बहुधा हेपॅरिन दिलं जातं. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेतलं तर आयएनआरची तपासणी वारंवार करावी लागते. डॅबिगॅट्रान मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून ते इथे टाळतात. ॲपिक्साबॅन किडनीवर कमी अवलंबून असतं. पण या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून डायलिसिसचे रुग्ण वगळले होते. नंतर खास त्यांच्यावर चाचण्या झाल्या. अमेरिकेतल्या चाचणीत 154 रुग्ण होते, जर्मनीतल्या चाचणीत 97. एवढ्यावर ठाम निकाल लागत नाही. मांडीच्या शिरेतून जाऊन तो कोपरा बंद करण्याचा उपायही आहे, पण तो महागडा आणि मोठ्या शहरातला.

म्हणून गोळी सुरू करणं किंवा बंद करणं हा निर्णय किडनीच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून, त्या एका रुग्णाकडे बघून घ्यायचा. शेजाऱ्याची चिठ्ठी बघून गोळी आणू नका. हिरडीतून रक्त आलं म्हणून स्वतःच बंदही करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

तुमच्या हातात बरंच आहे. फिस्टुला नसलेल्या हाताची नाडी मिनिटभर बघा. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढायला सांगा. बीपी, मीठ आणि पाण्याचं पथ्य सांभाळा, त्यानेही लकवा टळतो. मेडिकलमधून दुखण्याची गोळी परस्पर आणू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिजामा नको. रमजानमध्ये रोज्याचा आणि गोळीच्या वेळेचा प्रश्न आधीच डॉक्टरांसमोर ठेवा.

तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि मेहकरहून मोठं हॉस्पिटल गाठायलाच त्यातला बराच वेळ जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे इंजेक्शन द्यायचं की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना गोळीचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लागते. म्हणून औषधं, डायलिसिसचे वार आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहा. तो रुग्णाच्या खिशात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये.

आणि पुढच्या डायलिसिसला गेलात की डॉक्टरांना एवढंच विचारा: "यांचे ठोके नियमित आहेत का? नसतील, तर लकवा टाळण्यासाठी आपण काय ठरवलंय?" उत्तर समजेपर्यंत विचारा. त्यात बेअदबी नाही.