मुठीतला उजेड

मे १९४० मध्ये नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेला आणि रात्रीचा काळोख सक्तीचा झाला. खिडक्यांना काळे पडदे, रस्त्यावरचे दिवे बंद, त्यात टॉर्चचे सेल मिळायची मारामार. त्या दिवसांत आइंडहोवनच्या फिलिप्स कंपनीची बिनसेलची विजेरी डच लोकांच्या खिशात आली. मुठीत धरून तरफ दाबायची, की आतली दातेरी चाकं फिरत, चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ गरगरे आणि दिवा लागे. दाबताना ती मांजरासारखी गुरगुरत असे. हात थांबला की उजेड गेला!

मनगटाच्या जोरावर वीज तयार होऊन होऊन होणार किती? म्हणून तिथे उजेडाचा कण न् कण महत्त्वाचा. दिव्याची तार चहूबाजूंना उजेड फेकते, आणि अंतर दुप्पट झालं की त्याचा प्रखरपणा चौथाईवर येतो. यावर उपाय म्हणजे दिव्यामागची चकचकीत वाटी. तिचा आकार अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) असेल आणि तार नेमकी त्याच्या नाभीवर (फोकसवर) असेल, तर वाटीवर आदळणारे किरण समांतर होऊन पुढे निघतात. टॉर्च उजेड वाढवत नाही, वाया जाणारा उजेड कामाला लावते.

तरीही झोत थोडा पसरतोच, कारण तार म्हणजे काही बिंदू नव्हे. नाभी वाटीच्या तळापासून १० मिलिमीटरवर आणि तार १ मिलिमीटर लांब असेल, तर १० मीटरवरच्या भिंतीवर साधारण मीटरभर रुंदीचं वर्तुळ पडतं.

पुढे भिंग बसवलं, तर किरण वाकवायचं काम काच करते. किती वाकतात, याचा नियम लायडनच्या स्नेलने १६२१ च्या सुमारास शोधला. का वाकतात, हे सांगितलं हेगच्या क्रिस्तियान हायगेन्सने. प्रकाश ही लाट आहे आणि काचेत तिचा वेग मंदावतो, असं त्याने १६९० मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात मांडलं. न्यूटनचं म्हणणं नेमकं उलटं, आणि दबदबाही त्याचाच मोठा! अखेर १८५० मध्ये फ्रान्सच्या फूकोने पाण्यातला प्रकाश हवेतल्यापेक्षा हळू जातो, हे प्रयोगाने दाखवलं. हायगेन्स बरोबर ठरला, पण दीडशेहून अधिक वर्षांनी.

घरी जुनी बल्बची बॅटरी असेल, तर आज रात्री तिचं तोंड थोडं थोडं फिरवून भिंतीवर झोत टाकून पाहा. दिवा नाभीपासून जरासा हलला, तरी वर्तुळ कसं फिसकटतं ते लगेच दिसेल.