घरच्या टाकीतील ककाटू सिक्लिडची पैदास

सिक्लिड हे माशांचे एक फार मोठे कुल असून त्याचा मुख्य विस्तार आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिका या प्रदेशांत आहे; भारतात मात्र या कुलातील केवळ तीन जाती मूळच्या आहेत आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांत सापडणारी काळुंदर ही त्यांपैकीच एक होय. या कुलातील ज्या जाती पूर्ण वाढ झाल्यावरही साधारणतः दहा सेंटिमीटरच्या आत राहतात, त्यांना हौशी मत्स्यपालक ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे खुजे सिक्लिड, म्हणतात. पैदाशीस नव्याने आरंभ करणाऱ्याने त्यांपैकी पेरू व त्यालगतच्या ॲमेझॉन खोऱ्यातील ॲपिस्टोग्रामा ककाटुऑयडिस ही जात निवडणे श्रेयस्कर ठरते. हिच्या नराच्या पाठीवरील पराचे पुढचे काटे ककाटू पक्ष्याच्या तुऱ्याप्रमाणे उंच वाढतात. नर आठ-नऊ सेंटिमीटरचा, तर मादी जेमतेम पाच सेंटिमीटरची असते. शोभेसाठी लोकप्रिय असलेला रॅमिरेझी हा मासा अधिक देखणा असला, तरी त्याला अधिक उष्ण व अधिक मृदू पाणी लागते आणि त्याची पिले अधिक नाजूक असतात, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी तो योग्य नव्हे.

या माशांत अंड्यांची व पिलांची राखण मादी स्वतः करते, ही बाब पाळणाऱ्याने सर्वप्रथम लक्षात घ्यावी. पैदास घडवून आणणे हे त्याचे काम नसून, ती घडू शकेल असे पाणी व अशी जागा तयार करणे आणि त्यानंतर हात आवरणे, एवढेच त्याच्याकडे उरते. अपयशाची बहुतेक उदाहरणे हात न आवरल्यानेच घडतात.

पाण्याचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. पहिले अंग त्यातील क्षारांचे: कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यास दुष्फेन पाणी म्हणतात आणि बोअरवेलचे पाणी बहुधा या प्रकारचे असते. दुसरे अंग सामूचे, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्क हे दाखवणाऱ्या मापाचे. 7 हा उदासीन बिंदू असून त्याखालील पाणी आम्लधर्मी समजतात. ककाटू सिक्लिड 6 ते 7.5 या सामूत सुखाने राहतो आणि मध्यम क्षारांचे पाणीही सहन करतो. तथापि फार दुष्फेन पाण्यात अंडी न फळता पांढरी पडून त्यांवर बुरशी येण्याचा धोका वाढतो. अशा ठिकाणी घरातील आरओ यंत्राचे पाणी नळाच्या वा विहिरीच्या पाण्यात मिसळून क्षार उतरवावेत, परंतु निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात सामू स्थिर राखणारे क्षारच उरत नाहीत. रस्त्याकडेला सर्वत्र आढळणाऱ्या देशी बदामाची झाडावरून गळालेली, वाळलेली पाने धुऊन टाकीत घातल्यास त्यांतून टॅनिन नावाची द्रव्ये सुटतात, पाण्याला चहासारखा रंग येतो आणि पानांखाली पिलांना आडोसा व सूक्ष्मजीवांचे खाद्यही मिळते. जगभरचे मत्स्यपालक ही पाने विकत घेतात; महाराष्ट्रात ती फुकट मिळतात, फक्त कीटकनाशक फवारलेल्या झाडाची घेऊ नयेत.

एका नर-मादीसाठी 60 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद तळाची टाकी पुरेशी होते. तळाशी बारीक वाळू आणि गाळणीसाठी हवेवर चालणारा स्पंज फिल्टर असावा, कारण जोरदार ओढ असलेल्या फिल्टरमध्ये पिले खेचली जातात. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू या स्पंजावर वाढतात, आणि त्यांना स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागत असल्याने तोपर्यंत मासे आणण्याची घाई करू नये.

मादी अंडी गुहेच्या छतास चिकटवते, आणि त्यासाठी नारळाच्या करवंटीइतके सोयीचे साधन दुसरे नाही: अर्धी करवंटी उकळून पालथी घालावी व तिच्या कडेला मादीचे शरीर जेमतेम जाईल एवढीच फट ठेवावी. मादीचा रंग गडद पिवळा होऊन त्यावर काळे पट्टे उमटले आणि ती करवंटीच्या तोंडाशी पहारा देऊ लागली, की अंडी पडली असे समजावे. करवंटी उचलून पाहण्याचा मोह टाळावा. अंडी 60 ते 100 च्या आसपास, तांबूस रंगाची असतात आणि 27 अंश सेल्सियसला सुमारे तीन दिवसांत उबतात, परंतु पिले पोहू लागण्यास आणखी चार-पाच दिवस जातात. या काळात मादी नरालाही शत्रू समजते आणि लहान टाकीत त्याला जीवघेण्या जखमा करू शकते, म्हणून त्याला लपण्यास दाट वनस्पती नसतील तर दुसऱ्या टाकीत हलवावे.

पहिल्या एक-दोन खेपांना मादीने अंडी खाल्ली तर निराश होऊन पुढची अंडी काढून घेण्याची पद्धत रूढ आहे. ती अनाठायी आहे, कारण तरुण मादी बहुधा पुढील खेपांत स्थिरावते आणि तिच्या राखणीची सर कृत्रिम व्यवस्थेला येत नाही. पिलांचा थवा घेऊन फिरताना ती शरीराला झटका देताच सारी पिले तळाशी निश्चल होतात, आणि संध्याकाळी ती त्यांना पुन्हा आडोशाला गोळा करते; हे पाहता यावे यासाठीच हा सारा खटाटोप सार्थ ठरतो.

पोहू लागलेल्या पिलांना नुकती उबलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कोळंबीवर्गीय जीव, द्यावी. एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ विरघळवून, हवेचा पंप चालू ठेवून त्यात आर्टेमियाची अंडी घातल्यास ती साधारण एका दिवसात उबतात. उबलेल्या आर्टेमियाच्या अंगातील पोषण लवकर संपत असल्याने ती ताजीच, दिवसातून दोन-तीनदा थोडी थोडी घालावी. उरलेले अन्न कुजू न देता रोज थोडे, टाकीच्याच तापमानाचे पाणी बदलावे.

ॲपिस्टोग्रामा वंशातील पिलांचे लिंग तापमानावरही अवलंबून असते, हे उवे र्योमर व वोल्फगांग बाइझेनहेर्ट्स या जर्मन संशोधकांनी 1996 मध्ये अनेक जातींवरील प्रयोगांतून दाखवले: पहिल्या काही आठवड्यांत पाणी उष्ण असल्यास नर अधिक निपजतात, थंड असल्यास माद्या. म्हणून वैशाखात वाढवलेल्या खेपेत नरांचा भरणा होण्याची शक्यता असते, आणि जोड्या हव्या असणाऱ्याने ही खेप पाणी 26 अंशांच्या आसपास राहील अशा ऋतूत घ्यावी, अथवा टाकी घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी.