सातवी भाजी कमी पडली तरी



शताब्दीच्या निमित्ताने बैठकेतल्या संध्याकाळच्या मराठी वर्गासाठी आपण निधी जमवत आहोत. कुठे जेवणाचा बेत आहे, कुठे झाकरी, कुठे भजन. उत्साह मोठा आहे. म्हणूनच एक गोष्ट आत्ताच बोलून घेऊ. कार्यक्रमात काडीचीही उणीव राहू नये, हा हट्ट आपण सोडू या.

आधी हिशेब पाहू. समजा, केळीच्या पानावरच्या जेवणाची 200 तिकिटे प्रत्येकी 500 रुपयांना गेली. जमा झाले 1,00,000 रुपये. स्वयंपाकाला 50,000 लागले आणि मंडप, फुले, ध्वनिक्षेपक यांना 40,000. वर्गाच्या वाट्याला आले फक्त 10,000. मंडपाचा थाट 15,000 रुपयांत भागवला, तर तेच 35,000 होतात. पाहुण्यांना फुले चार दिवस आठवतील. मुलांना पुस्तके वर्षभर पुरतील.

दुसरा खर्च वहीत दिसत नाही, तो माणसांचा. ज्या मुलीच्या तोंडी घरात क्रिओल असते, तिला आपण सूत्रसंचालन देत नाही, कारण तिची मराठी अडखळते. नवख्या सुनेच्या हातची भाजी नको म्हणतो. मग तीच चार माणसे पहाटेपासून राबतात, थकतात, आणि बाकीचे पाहुण्यासारखे येऊन जातात. ज्या भाषेसाठी निधी जमवायचा, ती बोलू पाहणाऱ्यालाच मंचाखाली ठेवायचे, हे कसे चालेल?

आपले पूर्वज कोकणातून आले, मुंबईहून जहाजात बसले आणि पोर्ट लुईला उतरले. दिवसभर उसाच्या मळ्यात राबून ते संध्याकाळी बैठकीला जमत. बैठका गवताने शाकारलेल्या, साध्या. त्या छपराखालीच भाषा, भजन आणि सणवार टिकले.

याचा अर्थ हयगय करावी असा नाही. तीन गोष्टींत तडजोड नको: पैशांचा चोख हिशेब आणि प्रत्येकाला पावती, अन्नाची स्वच्छता, आणि चक्रीवादळाच्या दिवसांत कार्यक्रम असेल तर पर्यायी तारीख. बाकीचे 'बरे झाले' इतके झाले, की पुरे. तयारीची एक तारीख ठरवावी आणि त्यानंतर नवी कल्पना पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवावी. प्रत्येक जुन्या कार्यकर्त्याने एक काम नव्या हाती सोपवावे, आणि सोपवल्यावर मागे उभे राहून चुका काढू नयेत.

पानावर सात भाज्या असाव्यात, ही आपली हौस. पण पंगत लांबली आणि सातवी भाजी कमी पडली, तर ती आनंदाचीच बातमी समजू. माणसे वाढली म्हणून भाजी संपली.

तेव्हा त्या मुलीच्या हाती ध्वनिक्षेपक देऊ या. ती अडखळेल. आपण टाळ्या वाजवू.